वाघणीचा शेवटचा डाव

३ मे २०१४, शनिवार
रत्नाने फोनवर "तू लिहिशील ना?" विचारलं आणि मी विचार न करता "हो" म्हणून बसले. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची ती संपादक. यंदा ‘आमच्या घरातला इतिहास’ असा विभाग करायचाय तिला. लेख जूनअखेर हवा. मार्चमध्ये माझं टेस्टिंगचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यापासून मी घरीच आहे हे तिला माहीत आहे, त्यामुळे सबब सांगायची सोय नव्हती.

आमच्या घरातला इतिहास म्हणजे बाबांची वही. बाबा म्हणजे माझे सासरे. गेल्या महिन्यात सांगलीहून इथे, परदेशात आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणली. त्यांच्या आजोबांनी, दाजीबांनी, १९०८ साली वाघणी नावाच्या लहानशा संस्थानात बुद्धिबळाची मोठी स्पर्धा खेळली, तिची हकीकत त्यात आहे. सगळी मोडीत. घरात मोडी येणारे एकटे बाबा. म्हणजे ते वाचणार आणि मी लिहून घेणार.

ही डायरी लेखाच्या तयारीसाठी आहे. पण पहिल्याच दिवशी दुसरंही लिहून टाकते. बाबांचं परतीचं तिकीट १२ जुलैचं आहे. माझ्या नवऱ्याला, प्रबोधला, ते जायला नको आहेत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई नंदा, जाऊन सहा वर्षं झाली, ऐंशीला टेकलेल्या माणसाने सांगलीत एकटं का राहायचं, असं त्याचं म्हणणं. बाबांचं उत्तर ठरलेलं. "तीस वर्षं जहाजाच्या पोटात इंजिनं सांभाळली. दोन खोल्यांचा फ्लॅट सांभाळता येतो मला." शेवटी असं ठरलं की तब्येत ठणठणीत असेल तर बाबा जातील, जरा जरी काही निघालं तर इथेच राहतील.

आणि मी? मी कॅलेंडरवरची १२ जुलै रोज एकदा बघते. वाईट वाटतं हे लिहिताना, पण बघते.

७ मे, बुधवार
पहिली बैठक. सकाळी नऊला, बाल्कनीच्या दाराशी. बाबा म्हणाले, उजेड तिथेच चांगला. मी लॅपटॉपवर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम उघडून बसले, म्हणजे ते चाल वाचतील तशी मांडत जायची.

वाचायला लागले की त्यांचा आवाजच बदलतो. "पांढऱ्याने वजिराच्या घोड्यासमोरील प्यादे एक घर सारिले. काळ्याने राजाच्या उंटासमोरील एक घर सारिले." पाढे म्हणावेत तसं एका लयीत. मोडीची अक्षरं मला सगळी सारखीच दिसतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कौतुक वाटलं.

अकराव्या चालीला प्रोग्रॅम अडला.

"बाबा, इथे काहीतरी चुकतंय. राजा घोड्यासारखा उडी मारतोय."

"मग? मारतोच. शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. देशी नियम आहे."

"हा प्रोग्रॅम नाही म्हणतो."

"त्याला सांग, तू जन्मायच्या आधीचा डाव आहे."

ऋताला आज शाळेत उशिरा जायचं होतं. माझ्या खांद्यावरून डोकावून इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, यूज अ रिअल बोर्ड लाह." चौदा वर्षांच्या मुलीला कळतं ते मला कळलं नाही. लॅपटॉप मिटला आणि माळ्यावरून लाकडी पट काढला.

११ मे, रविवार
लेखासाठी आतापर्यंत जमलेलं असं. वाघणीच्या संस्थानिकांना बुद्धिबळाचं वेड. त्यांनी आठ खेळाडू बोलावले. कोणी बैलगाडीने आले, कोणी रेल्वेने येऊन पुढे घोड्यावर. देवळाच्या सभामंडपात जाजम अंथरलं. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. वेळ मोजायला घटिकापात्र: पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेली वाटी सोडायची, ती बुडेपर्यंत चाल झालीच पाहिजे. दिवस मावळला की खेळ बंद. समईच्या उजेडात सोंगट्यांच्या सावल्या हलतात आणि मग भांडणं होतात.

डाव जिंकण्यातही प्रती होत्या. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर साधी. प्याद्याने मात केली तर तो मोठा मान, सभा उठून उभी राहायची. आणि समोरच्याची सगळी सेना मारून त्याचा राजा अगदी एकटा उरवलात, तर त्याला म्हणायचं बुर्जी. मग डाव बरोबरीत. निराधार राजाला मारण्यात पराक्रम नाही. मला हा नियम फार आवडला. प्रबोध म्हणाला, "आमच्या ऑफिसात लावायला हवा." तांजोंग पगार भागातल्या त्याच्या ऑफिसात सध्या माणसं कमी करणं चाललंय.

दोन फेऱ्या लिहून झाल्या. झालेल्या पानावर मी चिकटपट्टीची चिठ्ठी लावते, ‘फेरी १’, ‘फेरी २’. आज बाबांनी दोन पानं एकदम उलटली. मी म्हटलं, मधलं एक राहिलं. ते म्हणाले, "त्यात विशेष काही नाही." बाबांना वही इतकी पाठ आहे की न वाचताच कळतं, कुठे काय आहे.

१६ मे, शुक्रवार
आज मनाला लागलं. संध्याकाळी सेरंगूनच्या एमआरटी मेट्रोच्या स्टेशनबाहेर बाबा उभे होते, प्रबोधची वाट बघत. मी मॉलमधून भाजी घेऊन येत होते. वीस पावलांवरून मी हात केला, चांगला वर करून. माझ्याकडे बघत होते, सरळ. ओळखीची रेषासुद्धा उमटली नाही चेहऱ्यावर. मी तशीच पुढे गेले, जवळून, काही न बोलता. दोन मिनिटांनी प्रबोध आला आणि "बाबा" म्हणाला, तर लगेच हसले.

सोळा वर्षं झाली लग्नाला. वाईट कधी वागले नाहीत. पण मी खोलीत आहे की नाही याचा त्यांना काही फरक पडत नाही, हे मला आई असतानाही जाणवायचं. नवी साडी, कापलेले केस, काहीच कधी त्यांच्या नजरेला येत नाही. आई होत्या तेव्हा निदान त्या सांगायच्या, "अहो, बघा, विनीताने काय केलंय."

लिहून टाकलं. आता आमटी तापवते.

२५ मे, रविवार
बाबांना खाली मित्र मिळाला. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, दगडी टेबलं आहेत. तिथे आठव्या मजल्यावरचे अंकल लिम रोज चिनी बुद्धिबळ मांडून बसतात. त्यात उभ्या सोंगट्या नसतात, कॅरमच्या सोंगटीएवढ्या चकत्या असतात, वर चिनी अक्षर कोरलेलं. बाबांना चिनी येत नाही, लिमना मराठी येत नाही, इंग्रजी दोघेही मोजकंच बोलतात. तरी दोन-दोन तास खेळतात.

मी बोलवायला गेले तेव्हा बाबा प्रत्येक चकतीवरून अंगठा फिरवत होते आणि मग चाल करत होते. लिम मला म्हणाले, "युअर फादर व्हेरी स्लो. बट व्हेरी डेंजरस."

"फादर-इन-लॉ," मी म्हटलं.

"सेम सेम."

लिफ्टमध्ये बाबांना विचारलं, अक्षरं कशी लक्षात राहतात? म्हणाले, "अक्षर काय, हाताला कळलं की झालं." नव्या लिपीचा अभ्यास या वयात. मी मँडरिनचा क्लास तीन आठवड्यांत सोडला होता.

५ जून, गुरुवार
पाच फेऱ्या झाल्या. दाजीबा चार डाव जिंकले, एक बरोबरी. मी लेखाचा पहिला भाग लिहून काढला आणि सकाळी बाबांना वाचून दाखवला. दाजीबांचं वर्णन मी कल्पनेनेच केलं होतं, उंच, शिडशिडीत, पगडी किंचित तिरकी. बाबा म्हणाले, "बुटके होते. पण राहू दे, बरं दिसतं."

मला हसू आलं. ते पण हसले. या सकाळींची मी वाट बघायला लागले आहे. चहाचे दोन कप, मध्ये पट, खाली रस्त्यावरच्या बसेस. नोकरी होती तेव्हा या वेळेला मी गाडीत उभी असायचे.

ऋता शाळेच्या कॅम्पहून आली. आल्या आल्या आजोबांना फोनवर फोटो दाखवायला बसली. बोलता बोलता स्क्रीन काळा झाला तरी बाबा आपले "वा, छान, झाडं काय सुंदर आहेत" म्हणत होते. ऋताने माझ्याकडे बघून खांदे उडवले. नातीचं सगळंच त्यांना सुंदर.

१२ जून, गुरुवार
लेख अडलाय. सहावी फेरी सोमवारी झाली. उरला शेवटचा डाव, दाजीबा आणि तंजावरकडचे अनंतशास्त्री. शास्त्री अर्ध्या गुणाने पुढे होते. दाजीबांना डाव जिंकणंच भाग होतं. म्हणजे सगळी स्पर्धा या एका डावावर. आणि बाबा तो वाचतच नाहीत.

मंगळवारी म्हणाले ढगाळ आहे. काल म्हणाले डोकं जड आहे. आज लख्ख ऊन होतं, तर म्हणाले, "शेवटी काय, दाजीबा वाघणीत हरले नाहीत, एवढं लिही. माझे वडीलही तेवढंच सांगायचे."

"पण जिंकले का?"

"हरले नाहीत."

"बाबा, वाचणाऱ्याला कळायला नको का काय झालं?"

त्यांनी वही टॉवेलात गुंडाळली आणि खाली लिमकडे गेले. जाताना दाराच्या कडेला खांदा आपटला. मी "लागलं का?" विचारलं तर तोडून म्हणाले, "दार अर्धवट उघडं ठेवू नये माणसाने."

मला राग आला. काय केलं होतं मी?

१७ जून, मंगळवार
रत्नाचा पुन्हा फोन. "अगं, यिशुन भागातल्या निशिकांत काकांनी आजोबांच्या बोटीचा लेख दिलासुद्धा. तुझा अजून डावच चाललाय?" मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, माझी संजीवनी मावशी पुण्यात मोडी वाचून देते. फोटो पाठव.

बाबा खाली असताना वही काढली. सगळ्या पानांचे फोटो काढले, माझ्या चिठ्ठ्यांसकट, आणि पाठवले. टॉवेल होता तसा गुंडाळला. चोरी केल्यासारखं वाटलं. स्वतःला सांगितलं की त्यांचाच त्रास वाचवतेय.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज वही कोणी हलवली का?" मी "नाही" म्हटलं. गाठ मी उजवीकडे मारली होती, ते डावीकडे मारतात.

२२ जून, रविवार
संजीवनीताईंची मेल आली. निम्म्या पानांचं वाचन आहे, उरलेलं दोन दिवसांत. शेवटी त्यांनी लिहिलंय: "ज्या पानावर तुमची ‘फेरी ३’ अशी चिठ्ठी आहे, त्यावर बुद्धिबळाचा काही संबंध नाही. घोड्याचं पोट दुखत असेल तर काय द्यावं, ते लिहिलं आहे. ओवा, हिंग, जुना गूळ. ‘फेरी ४’ च्या पानावर संस्थानच्या पाहुण्यांची नावं आणि कोण कुठे उतरलं ते. चिठ्ठ्या चुकून लागल्या असाव्यात."

चुकून नाही लागल्या. बाबांनी बोट ठेवून वाचलेल्या पानावरच मी लावल्या होत्या. तिसऱ्या फेरीतली ती सुंदर उंटाची चाल, जिच्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिलाय, ती ते घोड्याच्या औषधातून वाचत होते?

म्हणजे रचून सांगत होते. दीड महिना. मी येडी टिपून घेत होते. शेवटचा डाव रचायला सुचला नाही, म्हणून डोकं जड.

प्रबोधला सांगितलं नाही. काय सांगणार? तुझे वडील मला खेळवतात?

२३ जून, सोमवार
सकाळी बाबा बाल्कनीच्या दाराशी येऊन बसले. मी चहा ठेवला आणि कामाचं निमित्त काढून आत गेले. ते बराच वेळ तिथेच होते. पटावरच्या सोंगट्या एकेक उचलून, चाचपून, जागेवर ठेवत होते. हत्ती. घोडा. उंट. माझ्याकडे पाठ होती.

दुपारी उरलेलं वाचन आलं. रागातच उघडलं. तिसरी फेरी वहीत पार शेवटाकडे आहे. पहिली चाल: वजिराच्या घोड्यासमोरील प्यादे. मी माझी टिपणवही शेजारी ठेवली आणि बोटाने जुळवत गेले. दहावी चाल, विसावी चाल. तेहतिसावी ती उंटाची. सगळं तेच होतं. शब्दसुद्धा तेच, ‘सारिले’, ‘मारिले’, ‘शह दिल्हा’. चौथी फेरी, पाचवी. सहा फेऱ्यांत मिळून तीन-चार शब्दांचा फरक.

एक चालही रचलेली नव्हती.

मग ते घोड्याच्या औषधावर बोट ठेवून तिसरी फेरी कशी वाचत होते?

एकेक आठवत गेलं. काळा झालेला फोन. दाराची कड. चकत्यांवरचा अंगठा. आणि स्टेशनबाहेरचा तो चेहरा, सरळ माझ्याकडे वळलेला. त्यांनी मला टाळलं नव्हतं. त्यांना तिथे कोणी दिसतच नव्हतं.

मी त्या दिवशी त्यांच्या इतक्या जवळून गेले की पदर लागला असता. एक शब्द बोलले असते तर ओळखलं असतं त्यांनी.

२४ जून, मंगळवार
नऊला समोर जाऊन बसले. कसं बोलायचं याची रात्रभर तयारी केली होती, ती कामाला आली नाही. म्हटलं, "बाबा, मी वहीचे फोटो पुण्याला पाठवले होते."

"माहीत आहे. गाठ उलटी होती."

"तुम्ही वाचत नव्हता. तुम्हाला पाठ आहे."

ते पटावरून हात फिरवत म्हणाले, "वडिलांनी पाठ करून घेतले होते डाव. रोज संध्याकाळी, परवचा झाला की. सहा डाव. मला वाटलं पानांचा क्रमही लक्षात आहे."

"तिसऱ्या फेरीच्या जागी घोड्याच्या पोटदुखीचं औषध आहे."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "आणि तू चिठ्ठी लावलीस?"

"लावली."

मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसताच मी विचारलं, किती दिसतं?

डाव्या डोळ्याने दोन वर्षं काहीच नाही. उजव्याने धुक्यातून दिसावं तसं, आणि तेही नळीतून बघितल्यासारखं, कडेचं नाही. सांगलीत कोणाला सांगितलं नाही. दूधवाला, जिना, बँक, सगळं पावलांवर बसवलं होतं. "तिथे मला कुठलीही वस्तू कुठे आहे ते ठाऊक आहे, विनीता. इथे मी आंधळा आहे. तिथे नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर सांगेल एकटं राहू नका. ते मला फुकटात प्रबोधही सांगतो."

मग म्हणाले, त्याला सांगू नकोस. बारा तारखेपर्यंत फक्त. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

उठताना विचारलं, "मग शेवटचा डाव?"

"तो वडिलांनी कधी म्हणून घेतला नाही. हरले नाहीत, म्हणायचे, आणि दिवा वाढवायला उठायचे. वही माझ्याकडे आली तेव्हा वाटलं, वाचू सावकाश. जहाजावर असताना वाटलं, रिटायर झाल्यावर वाचू. रिटायर झाल्यावर..." त्यांनी हात झटकला. "मला माहीतच नाही तो. इथे आणली ती म्हणूनच. वाटलं, इथल्या उन्हात दोन ओळी तरी लागतील."

२६ जून, गुरुवार
आज उलटं बसलो. मी वाचलं, बाबांनी मांडलं.

संजीवनीताईंचा कागद माझ्या हातात. मला त्यांची लय येत नाही, मी बातम्या वाचल्यासारखं वाचत होते. "घाई करू नकोस," बाबा म्हणाले. प्रत्येक चालीनंतर ते सोंगटी चाचपून हलवायचे, मग सगळ्या पटावरून एकदा हलका हात फिरवायचे, आणि मान हलवली की मी पुढची वाचायची. तिसाव्या चालीपर्यंत तास गेला. चहा गार झाला.

चाळिसाव्या चालीला बाबा ताठ बसले. "थांब. शास्त्रीबुवांकडे काय उरलं? राजा आणि एक घोडा. दाजीबांकडे हत्ती, दोन प्यादी. मग संपलंच की. हत्ती वर नेला की दोन चालींत मात."

"त्यांनी हत्ती नेला नाही, बाबा. प्यादं पुढे सारलं."

"का?"

मला कळत नव्हतं. त्यांना लगेच कळलं. "प्याद्याने मात करायची होती," ते हळूच म्हणाले. "सभा उठून उभी राहायला हवी होती."

पुढच्या पाच चाली मी वाचल्या. प्यादं एकेक घर पुढे. शास्त्रीबुवांचा घोडा लांबून येतोय. सेहेचाळिसाव्या चालीला घोडा दाजीबांच्या राजापासून अडीच घरांवर येऊन बसला आणि शह दिला. बाबांनी राजाला सरकवायला जागा शोधली. इकडे त्यांचंच प्यादं, तिकडे त्यांचाच हत्ती. कुठेच जागा नव्हती. एकच चाल शिल्लक होती, घोडा मारायची.

"मारला?"

"मारला."

आणि शास्त्रीबुवांचा राजा पटावर एकटा उरला. बुर्जी. डाव बरोबरीत. अर्ध्या गुणाने स्पर्धा शास्त्रीबुवांची.

खाली दाजीबांनी एवढंच लिहिलंय: ‘हत्तीची मात दो चालींवर होती. म्यां प्याद्याची मागितली.’

बाबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. तोपर्यंत ऊन त्यांच्या पायांवरून पटावर आलं होतं. शास्त्रीबुवांचा काळा राजा हातात धरून ते बसून राहिले. मला वाटलं दुःख झालं असेल. शंभर वर्षं घरात सांभाळलेली गोष्ट, आणि मी उकरून काढली. म्हटलं, "बाबा, लेखात हे नको असेल तर नाही लिहीत. हरले नाहीत, हे खोटं नाहीच."

"नाही," ते म्हणाले. "सगळं लिही. प्याद्याचंही लिही."

२७ जून, शुक्रवार
सकाळी प्रबोध बूट घालत होता. बाबा भिंतीला हात लावत बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "प्रबोध, मला दिसत नाही. डाव्याने अजिबात, उजव्याने अगदी थोडं. दोन वर्षं झाली. डॉक्टरची वेळ घे."

प्रबोध एक बूट घालून तसाच बसला. मग माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"तिला मीच सांगू नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर मी इथे आहे."

तो चिडला नाही. ऑफिसला फोन केला, बूट काढला, आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हाही दोघे तसेच बसले होते, प्रबोधच्या एका पायात मोजा.

बाबांनी असं अचानक का सांगितलं ते मला कळलं नाही. मंगळवारी तर मला गळ घालत होते. मी त्यानंतर विषयसुद्धा काढला नव्हता. काल आम्ही फक्त डाव खेळलो.

३ जुलै, गुरुवार
डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, चिनी, फार हळू बोलतात. डावा डोळा काचबिंदूने गेला, तो परत येणार नाही. उजव्यात काचबिंदू आहे पण रोज थेंब घातले तर थोपवता येईल, आणि वर पिकलेला मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. नळी राहील, धुकं जाईल. जाईलच असं वचन त्या देत नाहीत. आणखी वर्षभर थांबला असतात तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं, असं म्हणाल्या.

गाडीत प्रबोधने विचारलं, "तिकीट रद्द करू ना?"

"पुढे ढकल," बाबा म्हणाले. "किती दिसतं ते बघू. दिसलं तर जाईन. नाही दिसलं तर इथल्या खोल्या पाठ करीन. त्यात काय, तुमचं घर लहानच आहे."

मी पुढच्या सीटवर होते. दिसलं तर जातील हे ऐकून मला बरं वाटलं नाही. कॅलेंडरवर बारा तारखेला काही लिहिलेलं नव्हतं, पण मी ते पान आजच उलटलं.

लेख रत्नाला पाठवला. तिचा मेसेज आला: "अगं, मी ‘वाघणीचे विजेते’ असं शीर्षक घालून ठेवलं होतं. आता काय करू?" मी लिहिलं, शीर्षक बदल, डाव बदलता येणार नाही.

९ जुलै, बुधवार
उद्या ऑपरेशन. लगेच घरी सोडतात, पट्टी परवा सकाळी निघेल. ऋताने ‘ऑल द बेस्ट आजोबा’ असं कार्ड केलंय, जाड मार्करने, वीतभर अक्षरांत. लिम अंकल वर आले होते, चार संत्री देऊन गेले. म्हणाले, "आफ्टर ही कॅन सी, आय लूज."

संध्याकाळी मी थेंब घातले. बाबा खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून. म्हणाले, "विनीता, तू आता कशी दिसतेस?"

"म्हणजे?"

"परवा पट्टी निघाली आणि समोर कोणी अनोळखी बाई उभी दिसली, तर? नंदा गेली तेव्हा तुला नीट पाहिलं, ते शेवटचं. आधी सांगून ठेव."

मला हसू आलं. सांगायला लागले. केस कानांपर्यंत कापलेत, कपाळाशी पांढरे झालेत, या महिन्यात रंगवायला वेळ मिळाला नाही. अंगाने भरले आहे. भुवयांच्या मध्ये एक आठी पडली आहे, हसले तरी जात नाही. वाचायला चष्मा लागतो.

"चष्मा कधी लागला?"

"मागच्या वर्षी."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. डोळ्याच्या कडेने थेंब ओघळला तो मी टिपला. "डॉक्टरीण म्हणाली, पहिल्या दिवशी सगळं भगभगीत दिसेल, चेहरे लागायला वेळ लागेल. म्हणून असं कर, नारिंगी काहीतरी घाल. लाइफजॅकेटचा रंग उगाच नारिंगी नसतो. खवळलेल्या पाण्यातही माणूस कुठे आहे ते कळतं. म्हणजे मला शोधावं लागणार नाही."

"बरं."

"लक्षात ठेव."

कपाट पालथं घातलं. निळं, हिरवं, करडं, ऑफिसचं करडं, लग्नसमारंभाचं जांभळं. सगळ्या घरात नारिंगी म्हणून एकच गोष्ट निघाली, ऋताचा शाळेच्या स्पोर्ट्स डेचा टी-शर्ट. दंडात घट्ट होतोय आणि पाठीवर तिच्या हाउसचं नाव आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.